विषय: बिलिंग सर्व्हिस प्रोग्रामसोबत प्रोटोटाइपचा कॉपी मेंबर न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच सांगतो.

आमचं बिलिंग तुमच्या आरपीजी (आयबीएमच्या सर्व्हरवरची प्रोग्रामिंग भाषा) पॅकेजवर चालतं. नव्या आवृत्तीत तुम्ही सवलतीच्या प्रोसिजरमधली (आमचे प्रोग्राम बोलावतात तो कोडचा भाग) रक्कम 7,2 वरून 11,2 केली, म्हणजे एकूण 7 ऐवजी 11 अंक, त्यांतले 2 दशांश, आणि कोणाला कळवलं नाही. प्रोटोटाइप, म्हणजे प्रोसिजरला काय आणि किती लांबीचं द्यायचं याचं वर्णन, तुम्ही सोर्समध्ये कॉपी मेंबर (सगळे प्रोग्राम आपल्यात ओढून घेतात ती सामाईक फाइल) म्हणून देतच नाही, पीडीएफमधून टाइप करून घ्या म्हणता. ती पीडीएफ जुनीच राहिली. पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक, शेवटी चिन्ह) 7,2 म्हणजे 4 बाइट, 11,2 म्हणजे 6. पॅरामीटर (प्रोसिजरला दिलेली किंमत) रेफरन्सने, म्हणजे फक्त मेमरीतला पत्ता म्हणून जातो, तेव्हा तुमची प्रोसिजर पुढचे 2 बाइट नको तिथले उचलते. डीबगरमध्ये 1250.00 ची रक्कम हेक्समध्ये स्वच्छ दिसते: 01 25 00 0एफ, शेवटचा एफ म्हणजे चिन्ह. तुमच्याकडे तोच एफ आकड्यांच्या मध्ये येतो आणि डेसिमल डेटा एरर, स्टेटस 907. रात्रीचं बिलिंग बंद पडलं, सकाळी भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या.

यावर तुमचे इंजिनिअर म्हणाले, "कंपाइल झालं ना? मग प्रोटोटाइप बरोबर आहे." मी म्हटलं, कंपाइलर आम्ही टाइप केलेल्या प्रोटोटाइपवर विश्वास ठेवतो, तुमची प्रोसिजर त्याला दिसत नाही. तर म्हणाले, "सिग्नेचर जुळतेय, बाइंडिंग (जोडणी) झालंय, दोष तुमचाच." अहो, सिग्नेचर म्हणजे सर्व्हिस प्रोग्रामची (सामाईक प्रोसिजरच्या संचाची) ओळखखूण, ती एक्सपोर्टची (बाहेरून बोलावता येणाऱ्या प्रोसिजरची) नावं आणि क्रम यांवरून बनते, पॅरामीटरची लांबी त्यात येत नाही! शेवटी वर, "सिस्टिमच्या 7.1 आवृत्तीपासून प्रोटोटाइप लागतच नाही. तुमच्याकडे आरपीजी येणारं कोणी आहे का?" ती सूट त्याच मोड्यूलमधल्या (एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडमधल्या) कॉलसाठी आहे. दुसऱ्या मोड्यूलमधून बोलावायचं तर प्रोटोटाइप लागतोच. आमची पोरं रात्रभर जागली होती. त्यांच्यासमोर, स्पीकरवर हा प्रश्न विचारला गेला. हे मी विसरणार नाही.

प्रोटोटाइप एकाच कॉपी मेंबरमध्ये ठेवायचा. ज्या मोड्यूलमध्ये प्रोसिजर आहे तिथे तोच, बोलावणाऱ्यांकडेही तोच. मग इंटरफेस बदलला की तुमचंच कंपाइल अडतं, आमचं बिलिंग नाही. जी रक्कम प्रोसिजर बदलत नाही तिला कॉन्स्ट लावा, म्हणजे लांबी वेगळी असली तरी कंपाइलर तात्पुरती प्रत करून देतो. नवा पॅरामीटर शेवटी, नोपास (न दिला तरी चालेल अशी खूण) लावून. एक्सपोर्टेड प्रोसिजरला प्रोटोटाइप नसेल तर कंपाइल अडवणारा पर्यायही आता आरपीजीत आहे. तो तुम्ही का वापरत नाही?

पुन्हा सांगतो, पीडीएफ म्हणजे प्रोटोटाइप नव्हे.

तुमचं पॅकेज मीच आग्रहाने घ्यायला लावलं होतं, म्हणून जास्त लागलं. या महिनाअखेरपर्यंत सगळ्या एक्सपोर्टेड प्रोसिजरचे कॉपी मेंबर आणि त्या इंजिनिअरचा लेखी खुलासा आला नाही, तर एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणावर मी सही करणार नाही. व्यवस्थापनाला तसं कळवलं आहे.

प्रमुख, संगणक विभाग