निर्लेखनाच्या यादीत किरणोत्सारी भांडे जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर आली की कॉलेजांत जुन्या सामानाच्या निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याची, घाई सुरू होते. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले फ्रीज, कोणालाच नाव न आठवणारी यंत्रे यांची यादी होते, समितीच्या सह्या होतात आणि भंगारवाल्यांकडून दर मागवले जातात. मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षे सहायक होते. त्यातली 18 वर्षे किरणोत्सारी पदार्थांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. म्हणून या याद्यांबद्दल लिहिते आहे.

दिल्लीचे मायापुरी प्रकरण अनेकांच्या विस्मरणात गेले असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 हा किरणोत्सारी पदार्थ वापरणारे एक यंत्र होते, 1970 च्या सुमारास कॅनडाहून आणलेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ते कोणी वापरत नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये लिलावात ते भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडले. आठ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, त्यांतला एक दगावला. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचा. पंचवीस वर्षे नुसते पडून राहिले तरी त्यातला साधारण सत्ताविसावा हिस्सा शिल्लक राहतो, आणि तेवढासुद्धा उघड्या हाताने धरणाऱ्याला पुरला. विद्यापीठात कोणाच्या मनात पाप नव्हते. ज्यांना त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक होते, ती माणसे तिथे उरली नव्हती, एवढेच.

प्रयोगशाळेतली सुरक्षितता कागदावर असतेच, पण ती माणसाकडून माणसाकडे हातोहात जाते. आमच्याकडे फॉस्फरस-32 या किरणोत्सारी पदार्थाचा वापर जास्त. आमचे सर कोणत्याही नव्या विद्यार्थ्याला त्याला हात लावू देत नसत. आधी लाल शाई घातलेल्या पाण्याने तोच प्रयोग अगदी तसाच करायला लावत: ट्रेमध्ये ब्लॉटिंग पेपर, दुहेरी ग्लोव्ह्ज, समोर ॲक्रिलिकची ढाल. प्रयोग संपला की सर खोलीभर फिरून शाईचे डाग शोधत. एका मुलीची शाई दाराच्या मुठीवर आणि तिच्या स्वतःच्या पेनावर सापडली होती. ती रडवेली झाली. तिने पुढच्या आठवड्यात तीनदा सराव केला, तेव्हा कुठे तिला खरी कुपी मिळाली. दुसऱ्या एकाने जास्त काळजी म्हणून ॲक्रिलिकऐवजी शिशाचा पत्रा उभा केला. सरांनी त्याला थांबवून समजावले, की फॉस्फरसचे बीटा कण सरळ शिशावर आदळले तर क्ष-किरण निघतात. सेंटीमीटरभर ॲक्रिलिक तिथे जास्त कामाचे. काम संपल्यावर ओटा, हात, चपलांचे तळ सगळ्यांवरून किरणोत्सार मोजणारा काउंटर फिरवायचा, आणि टिकटिक नेहमीपेक्षा वाढली तर घरी जायचे नाही. कचऱ्याच्या डब्यावर तारीख घालून तो दहा अर्धायुष्ये, म्हणजे फॉस्फरस-32 चा साधारण पाच महिने, कुलपात ठेवायचा.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत ही खोली बंद झाली. कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. दोष एकट्या त्या कॉलेजचा नाही. मला दुसऱ्या विभागात पाठवले. पुढे जागा हवी म्हणून खोली रिकामी करायला काढली, तेव्हा यादी पडताळायला योगायोगाने मला बोलावले. यादीत 43 व्या ओळीवर लिहिले होते: ‘शिशाचे भांडे, जड, 1 नग’. ते भांडे मी ओळखले. काउंटर तपासायला आणलेला सीझियम-137 चा स्रोत त्यात होता. सीझियमचे अर्धायुष्य 30 वर्षांचे. वरचे पिवळे लेबल दमट हवेने निघून खाली पडले होते. स्रोत दुबळा होता, त्याने कोणाला मोठी इजा झाली नसती. पण यादी करणाऱ्या लिपिकाला तो दुबळा आहे की जबर हे कळायला मार्गच नव्हता. त्याने शिसे पाहिले, शिसे लिहिले. रीतसर पत्रव्यवहार करून तो स्रोत परत पाठवायला आम्हाला सात महिने लागले.

नियम नाहीत असे नाही. 2004 चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम आहेत, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, आणि स्रोताची विल्हेवाट परवानगीशिवाय लावता येत नाही. पण हे नियम निर्लेखन समितीच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत. प्राध्यापक निवृत्त होताना लायब्ररीचे एक पुस्तक जमा नसेल तर ना-देय प्रमाणपत्र अडते. ‘आपल्या ताब्यात किरणोत्सारी स्रोत आहेत का, ते कोणाच्या ताब्यात दिले?’ हा प्रश्न त्या फॉर्मवर मी कधी पाहिला नाही. तो असावा. आणि विज्ञान विभागांच्या निर्लेखन यादीवर सुरक्षा अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय लिलावाची नोटीस निघू नये. कॉलेजात असा अधिकारी नसेल, तर जवळच्या संस्थेतून बोलवावा. काउंटर घेऊन फिरायला अर्धा दिवस लागतो.

पालकांनी मात्र घाबरून जाऊ नये. पदवीच्या भौतिकशास्त्र प्रयोगात गायगर काउंटरसमोर ठेवतात त्या बटणाएवढ्या चकत्या अतिशय सौम्य असतात. चिमट्याने उचलून, मोजून पुन्हा डब्यात ठेवल्या की झाले. त्यांचीही मोजदाद व्हावी, कारण मोजायची सवय तिथेच लागते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. मध्ये ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती, हे किरणोत्साराचे चिन्ह पहिल्या पानावर एकदा मोठे छापावे, खाली सोप्या मराठीत लिहून: हे दिसले तर फोडू नका, खिशात घालू नका, लांब उभे राहून पोलिसांना कळवा. आमच्या पेठेत भंगाराची सहा दुकाने आहेत. ते पान कापून मी स्वतः सहाही ठिकाणी चिकटवून येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)