दोष मराठी नावांचा नव्हता, ताई

प्रिय ताई,

पुण्याहून जेमतेम दोन दिवस माहेरी आलात आणि त्यातली एक संध्याकाळ माझ्या लॅपटॉपपुढे घालवलीत. तेव्हा घसा इतका दाटला होता की धड थँक्यूही म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचा, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावत्यांचा, एकत्र अहवाल, ४०,००० ओळींचा. बटण दाबलं की सर्व्हर धापा टाकायचा आणि ब्राउझर टाइमआउट दाखवून मोकळा. आमच्या वरिष्ठांचे उपाय दोनच. रॅम वाढव. आणि दुसरा, 'देवनागरी जड असते रे, नावं इंग्रजीत करून टाक.' कोड उघडून बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. मीही मुकाट्याने तशी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्यासाठीची टीप, कोडमध्ये लिहून ठेवली होती.

तुम्ही फाइल उघडलीत, ती ओळ वाचलीत आणि सगळ्यात आधी तीच पुसलीत. 'हे आधी जाऊ दे, मग चूक शोधू.' चूक अजून सापडलीही नव्हती, ताई! तरी निफाड-पिंपळगावच्या त्या नावांवर आळ घ्यायला तुम्ही तयार नव्हता. मला अजून तेवढंच आठवत राहतं.

मग वहीच्या मागच्या पानावर गणित. आमचा कोड जावा भाषेतला. जावा ९ पासून साधी इंग्रजी स्ट्रिंग, म्हणजे कोडमधला मजकूर, अक्षरामागे एक बाइट घेते; त्यात एक जरी मराठी अक्षर आलं की अख्खी स्ट्रिंग अक्षरामागे दोन बाइटांवर जाते. 'नाशिक' काना-वेलांटीसकट १० बाइट. म्हणजे फार तर दुप्पट. खरा चोर लूपमधलं, म्हणजे दर ओळीला पुन्हा चालणाऱ्या कोडमधलं, मजकूर जोडणारं अधिकचं (+) चिन्ह! स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, त्यामुळे एक ओळ जोडायची तर मागची सगळी वही नव्याने उतरवायची. ओळीला ६० अक्षरं धरून तुम्ही आकडा काढलात: सुमारे ४,८०० कोटी अक्षरांची नक्कल. मी चाटच पडलो.

'स्ट्रिंगबिल्डरने, म्हणजे नक्कल न करता मजकूर जोडत नेणाऱ्या जावाच्या सोयीने, भागेल, पण एवढं पोटात धरून ठेवायचंच कशाला? ओळ झाली की लगेच बाहेर लिहून टाक,' म्हणालात. कीबोर्ड मात्र माझ्याकडेच ठेवलात.

अहवाल आता चहा गाळून होईपर्यंत निघतो, सगळी नावं मराठीत. वरिष्ठ म्हणतात, रॅम वाढवल्याचा फरक पडला.

तुमचा चिवड्याचा डबा आमच्याकडेच राहिलाय. आई मनुके भरून पाठवते आहे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा