एकशे आठ डॉलरचा हिशेब

सेंट लुईस,
१८ जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं दिवाळीचं पत्र येऊन अडीच महिने झाले आणि मी अजून पोचसुद्धा दिली नाही. शिव्या दिल्या असशील, त्या मिळाल्या असं समज. उशिराचं कारण एक मेलेला जर्मन आहे. हसू नकोस, खरंच.

झालं असं, की नातीला शाळेत दोन्हीकडची वंशावळ काढून आणायला सांगितली. आपल्या बाजूची मी चहा थंड व्हायच्या आत लिहून दिली, कारण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून तूच सहा पिढ्या उतरवून आणल्या होत्यास. मग ती म्हणाली, “आता आईकडची.” तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. सूनबाईंचं माहेर जर्मन वळणाचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आडनाव तुला लग्नपत्रिकेवरून आठवत असेल, ते इथे पुन्हा लिहीत नाही. त्यांची आजी एक्याण्णव वर्षांची आहे, स्मरणशक्ती खणखणीत. तिने सांगितलं, “आमचा मूळपुरुष हेन्री. प्रशियातून आला, सैन्यात लढला, १८३८ चा जन्म. दगडावर कोरलंय.” आणि पुढे, “त्याच्या शेजारी त्याचा जहाजावरचा मित्र पुरलाय. दोघांची जन्मभराची दोस्ती.”

तेवढंच लिहून दिलं असतं तर नातीला पूर्ण गुण मिळाले असते. पण मला तुझी संगत लागलेली! इथे घरबसल्या जनगणनेची पानं बघता येतात, म्हणून सहज उघडली. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं (गुलामांचं मात्र १८७० पासून) नाव लिहिलेलं असतं. आमचे हेन्रीबुवा सेंट चार्ल्स परगण्यात सापडले. वय बघ: १८६० साली १९, १८७० ला ३०, १८८० ला ३९, १९०० ला ५९. आणि १९१० ला एकदम ७२! दहा वर्षांत गडी तेरा वर्षांनी म्हातारा झाला. (१८९० चं पान नाही. ती जनगणना १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला आग लागली तिच्यात गेली. वंशावळ काढणारा प्रत्येक अमेरिकन माणूस त्या आगीला एकदा तरी शिव्या देतो. मीही आता त्यांच्यातला झालो.)

जन्मस्थळाची तर तऱ्हाच. १८६० ला ‘हानोवर’, १८७० ला ‘प्रशिया’, १८८० ला पुन्हा ‘हानोवर’, १९०० ला ‘जर्मनी’. मला वाटलं तीन वेगळी माणसं मी एकत्र बांधतोय. मग तुझे बीडचे आजोबा आठवले. बसल्या जागी निजामाची रयत, मग हैदराबाद राज्य, मग १९५६ ला मुंबई राज्य, आणि १९६० ला महाराष्ट्र. घर तेच, पिंपळ तोच. तसंच इथे. हानोवर हे प्रशियासारखंच एक वेगळं जर्मन राज्य होतं. १८६६ च्या युद्धात ते ऑस्ट्रियाच्या बाजूने राहिलं आणि प्रशियाने ते गिळलं. पुढे १८७१ ला सगळ्यांचं मिळून जर्मन साम्राज्य झालं. गणनेला येणारा कारकून त्या वर्षी कुठलं नाव लिहील ते त्याच्या मर्जीवर. शिक्कामोर्तब नागरिकत्वाच्या कागदाने केलं. त्या काळच्या त्या कागदांवर गावबिव काही नसतं, फक्त कुठल्या राजाची निष्ठा सोडली ते असतं. आमच्या माणसाने १८६४ साली हानोवरच्या राजाची सोडली. हा राजाही जॉर्ज पाचवाच, पण इंग्लंडचा नव्हे, हानोवरचा आंधळा राजा. म्हणजे प्रशिया गेली निकालात. आजीबाईंना हे आवडलं नाही. “प्रशिया म्हटलं की कसं भारदस्त वाटायचं,” म्हणाल्या.

एक गंमत ऐक. इथे ज्याला त्याला वाटतं की आपलं आडनाव एलिस बेटावरच्या कारकुनाने बदललं. सूनबाईंच्या काकांनीही मला तेच सांगितलं. एलिस बेट उघडलं १८९२ ला, आमचा माणूस आला १८५७ ला, तोही ब्रेमेनहून थेट न्यू ऑर्लिन्सला आणि तिथून आगबोटीने मिसिसिपी नदी चढून इकडे. शिवाय उतारूंच्या याद्या एलिस बेटावर लिहिल्याच जात नव्हत्या, त्या जहाज सुटतानाच तयार असायच्या. इथला कारकून फक्त ताडून बघे. हे काकांना सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघू लागले जणू मीच त्यांचं आडनाव बदललं. ब्रेमेनच्या याद्या हाती आल्या असत्या तर अर्धं काम झालं असतं, कारण निघण्याच्या ठिकाणी गावाचं नाव लिहीत. हॅम्बुर्गच्या १८५० पासूनच्या याद्या टिकल्या. ब्रेमेनच्या त्या काळातल्या नाही टिकल्या. ठेवायला जागा नाही म्हणून तिथल्याच लोकांनी रद्दीत काढल्या. आपल्याकडची दप्तरं वाळवीने खाल्ली म्हणून तू हळहळतोस. इथे माणसांनीच वाळवीचं काम केलं. न्यू ऑर्लिन्सची यादी मिळाली, त्यात वय १८ आणि देश ‘जर्मनी’. म्हणजे आणखी एक जन्मसाल, १८३९.

पुढे सैन्यभरतीचा कागद. ऑगस्ट १८६१, वय २१. म्हणजे १८४०. त्या वेळी इथल्या यादवी युद्धात एकवीसच्या खालच्याला बापाची संमती लागे, आणि याचा बाप समुद्रापार. म्हटल्यावर एकवीस सांगणार नाही तर काय? मृत्यूचा दाखला १९१३ चा, त्यातही १८४०. आमच्या या मिझुरी राज्यात १९१० पासूनचे दाखले आहेत आणि पन्नास वर्षं उलटलेले कोणालाही फुकट बघता येतात, सोय उत्तम. पण माहिती देणारा कोण, तर जावई. सासऱ्याचा जन्म जावयाने बघितलेला नसतो हे मी तुला सांगायला नको.

तर १८३८, ३९, ४० आणि ४१. चार सालं, माणूस एक. आमच्या पणजोबांच्या दत्तकपत्राच्या वेळी तू पहिला प्रश्न केला होतास तो मला आठवला: हे सांगणारा कोण, आणि त्याला त्यातून काय मिळणार होतं? मग मी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्याच्या सैनिकी पेन्शनची फाइल मागवली. महिने गेले, डॉलर गेले, पण काय फाइल आहे! त्यात १९०८ सालचं एक पान: जर्मनीतल्या गावच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, सहीशिक्क्यासकट. जन्म ६ एप्रिल १८३८. सोबत एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र: ‘मी अर्जदारास जन्मापासून ओळखतो.’

शिक्का बघून मी हात टेकले. मूळ गावच्या पाद्र्याचा दाखला म्हटल्यावर जनगणनेला कोण विचारतो? आजीबाई जिंकल्या, असं सूनबाईंना सांगूनही टाकलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य डोक्यात फिरू लागलं. जन्मापासून ओळखतो? साक्षीदार होता तोच, शेजारच्या कबरीतला ‘जहाजावरचा मित्र’. जहाजावर भेटलेला माणूस जन्मापासून कसा ओळखेल? इथे पाणी मुरत होतं.

त्या मित्राचा मागोवा घ्यायला इथल्या जर्मन चर्चचं दफनाचं पुस्तक कामी आलं. सरकारी माणूस राज्याच्या नावावर थांबतो, पण पाद्री गावचा असतो, तो खेड्याचं नाव लिहितो. मित्राचं गाव निघालं ऑस्नाब्रुकच्या परिसरातलं एक खेडं, जन्म १८३५. त्या चर्चची जुनी पुस्तकं आर्किऑन नावाच्या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. भरले. आणि मग तुझी फार आठवण आली. ती पुस्तकं कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हस्तलिपीत, आहेत. मोडी बरी म्हणायची वेळ! त्यातलं ‘ई’ हे ‘एन’सारखं दिसतं, आणि ‘यू’ ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखी रेघ काढतात, ती शाई पुसट झाली की गेली. पहिल्या आठवड्यात मी ‘विधवा’ या शब्दाला आडनाव समजून वहीत उतरवत होतो. तीन आठवड्यांनी डोळा बसला.

आता मेख ऐक. त्या भागात, शेजारच्या वेस्टफालियात वगैरे, तेव्हा नाव माणसाचं नसे, शेताचं असे. शेत एकालाच जायचं, वाटणी नाही. वारस मुलगी असली किंवा विधवा असली तर तिच्याशी लग्न करून येणारा आपलं आडनाव सोडून शेताचं लावी. घरजावईच, पण आपल्या घरजावयाचं निदान आडनाव तरी राहतं. चर्चच्या पुस्तकात असा माणूस ‘अमुक गेनान्ट तमुक’ असा लिहीत. गेनान्ट म्हणजे आपलं ‘ऊर्फ’. ‘मित्रा’च्या बापाच्या नावापुढे हे ऊर्फ होतं आणि त्यापुढे होतं सूनबाईंच्या माहेरचं आडनाव! दोघे सख्खे भाऊ, दत्ता. थोरल्याने अमेरिकेत बापाचं जन्माचं आडनाव लावलं, धाकट्याने शेताचं. शेत राखायला तिसरा मागे राहिला, या दोघांना तिथे काय होतं? होयरलिंग व्हायचं, म्हणजे शेतकऱ्याच्या आवारातली झोपडी नि जमिनीचा तुकडा खंडाने घ्यायचा आणि त्याने हाक मारली की हातातलं टाकून त्याच्या शेतावर राबायचं. कूळ म्हण, पण वेठीसकट. पूर्वी घरोघरी विणकामाची जोड असे, पण विलायती यंत्रांच्या कापडापुढे तिथलं हातमागाचं लिननही बसलं होतं. खेडीच्या खेडी मिझुरीला का आली ते यात आलं.

मग हेन्रीचं पान शोधलं. ६ एप्रिल १८३८, योहान हाइनरिश. दाखल्याबरहुकूम! (हाइनरिश म्हणजेच इथला हेन्री. योहान सगळ्याच भावांना असे, ते नुसतं लावायचं, हाक दुसऱ्या नावाने.) उठणारच होतो, पण तू शिकवलेली खोड, पुढची चार वर्षं चाळल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही. २१ एप्रिल १८४१. तेच आईबाप, तेच शेत, योहान हाइनरिश. पुन्हा! गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची तिथे रीत होती. पाद्री अशा वेळी पहिल्या नोंदीपुढे क्रूस काढून ठेवत, या पानावर तो काढायचा राहिला. दफनाच्या पुस्तकात १८४० च्या हिवाळ्यात मिळाला तो: योहान हाइनरिश, वय एक वर्ष दहा महिने, गोवर.

तेव्हा १९०८ साली पत्र आल्यावर तिथल्या पाद्र्याने पहिला सापडलेला हाइनरिश उतरवून दिला असणार. चूक त्याची. पण ती चूक कोणाच्या पथ्यावर पडली बघ. १९०७ च्या फेब्रुवारीत इथे कायदा झाला: युद्धातल्या सैनिकाला वयावर पेन्शन. बासष्टला महिना १२ डॉलर, सत्तरला १५, पंच्याहत्तरला २०. खरा हेन्री १९०८ ला सदुसष्टचा, कागदावरचा सत्तरचा. १९०० सालीसुद्धा त्याच्या घरात जन्म १८४१ सांगितला गेला होता, म्हणजे त्याला आपलं वय चांगलं ठाऊक होतं. आणि साक्षीला कोण, तर थोरला भाऊ, ज्याने पाचव्या वर्षी धाकट्याची ती इवलीशी शवपेटी जाताना बघितली असणार. आडनाव वेगळं, त्यामुळे नात्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ‘अर्जदारास जन्मापासून ओळखतो’ हे वाक्य मात्र अक्षरशः खरं! फक्त कुठल्या जन्मापासून, ते लिहिलेलं नाही.

मी त्यांना लबाड म्हणत नाही. सदुसष्टाव्या वर्षी नांगर धरणाऱ्याने तीन डॉलर घेतले, घेतले. पण एकदा सरकारदरबारी ३८ सांगितल्यावर माघार नाही. १९१० च्या गणनेला ते सांगावं लागलं, आणि शेवटी दगडावरही तेच कोरलं गेलं. मेलेल्या भावाचा वाढदिवस गेली शंभरावर वर्षं त्याच्या कबरीवर आहे.

हे सगळं मी आजीबाईंना कसं सांगावं या विचारात चार दिवस काढले. शेवटी गेल्या रविवारी कॉफी नि केक पुढे ठेवून सांगितलं. मुलाच्या गोवराचं ऐकताना डोळे मिटून बसल्या. भावाचं ऐकल्यावर म्हणाल्या, “म्हणजे मे महिन्यात त्याच्यासाठीही फुलं न्यायला हवीत. इतकी वर्षं आम्ही त्याच्या अंगावरून ओलांडून जायचो.” मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, “तो जास्तीचा पैसा किती झाला?” मी हिशेब केला. एप्रिल १९०८ ते एप्रिल १९११, छत्तीस महिने, दरमहा तीन. एकशे आठ डॉलर. मला जपमाळ आठवून हसू आलं, त्यांना कारण कळेना. त्या गंभीरपणे म्हणाल्या, “सरकार आता परत मागेल का?”

नातीने तक्त्यावर १८४१ लिहिलं आणि शेजारी एक लहान चौकोन काढून त्यातही तेच नाव लिहिलं. शाळेतल्या बाईंनी लाल शाईने विचारलंय, नाव चुकून दोनदा आलं का?

दफनाच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. गोवरापुढचा एक शब्द मला लागत नाही. तुला कुरेंट येत नाही हे माहीत आहे, पण तुझा डोळा मोडीवर तयार झालेला. भिंगाखाली एकदा बघ आणि तिसरं अक्षर काय वाटतं ते कळव. वहिनींना नमस्कार, गुडघा कसा आहे तेही लिही.

तुझा,
बाळू

ता.क. दगड बदलायचा नाही असं ठरलं आहे. कोरणाऱ्याने खर्च सांगितला तो एकशे आठच्या कितीतरी पट आहे.