कोर्टाचा कागद

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, नोकरीच्या अर्जात 'कधी गुन्हा सिद्ध झालाय का' हा प्रश्न आला की हात थांबतो." तेव्हापासून मन लागत नाहीये. बोलताना माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय.

एकोणीस वर्षांचा होतास. दुकानातून उचललेले साठ डॉलरचे हेडफोन. म्युनिसिपल कोर्टात तुझं नाव पुकारलं तेव्हा तू माझ्या शालीचं टोक मुठीत धरलंस, लहानपणी डॉक्टरांकडे पदर धरायचास तसं. बाबा त्या दिवसाचा विषय काढत नाहीत, ते तुझ्यावरच्या रागानं नव्हे. एखाद्या चांगल्या वकिलाला विचारल्याशिवाय आपण तुला गुन्हा कबूल करू दिला, हे त्यांना अजून डाचतं.

यावेळी मात्र आम्ही एका वकीलबाईंना विचारलं. न्यू जर्सीत 200 डॉलरच्या आतली दुकानातली चोरी खालच्या पायरीच्या गुन्ह्यात मोडते, आणि तशी नोंद काढून घेता येते. त्याला एक्सपंजमेंट म्हणतात. शिक्षा, दंडाचा शेवटचा हप्ता, प्रोबेशन म्हणजे कोर्टाच्या देखरेखीचा काळ, यांतलं जे सगळ्यात शेवटी संपलं तिथून 5 वर्षं मोजायची. तुझ्या शेवटच्या हप्त्याची पावती देवघराच्या खणात आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण तारीख स्पष्ट वाचता येते. जूनमध्ये पाच वर्षं भरली. तू आता ओहायोत राहतोस, पण अर्ज इथेच, जिथे ते घडलं त्या काउंटीच्या सुपिरियर कोर्टात करायचा. 2019 च्या डिसेंबरात कायदा सुधारला, त्यामुळे आता अर्जाला फी नाही.

ऑर्डर निघाली की कागद जाळत नाहीत, वेगळे काढून बंद करून ठेवतात. पण कायदा मानतो की ते घडलंच नाही. नोकरीच्या फॉर्मवर 'नाही' लिहायचा हक्क तुला तो कायदाच देतो. ते खोटं बोलणं नव्हे, हे मनात पक्कं कर. पोलीस खात्यात किंवा कोर्टात नोकरी मागितलीस तर मात्र सांगावं लागतं. आणि बॅकग्राउंड चेक करणाऱ्या खासगी कंपन्यांकडे जुनी माहिती राहून जाते, म्हणून ऑर्डरची एक प्रत कायम जवळ ठेव.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू अजून ग्रीन कार्डवर आहेस. राज्यानं पुसलेलं इमिग्रेशनवाले पुसलेलं धरत नाहीत. तो कायदा केंद्राचा, आणि त्यांच्या लेखी तुझी शिक्षा तशीच उभी राहते. सिटिझनशिपच्या एन-400 फॉर्मवर अटकेबद्दल विचारतील तेव्हा 'हो' असंच लिहायचं, नोंद बंद झालेली असली तरी. वकीलबाई म्हणाल्या, अशी एकच छोटी चोरी सहसा आड येत नाही, शपथेवर लपवलं तर ते आड येतं. शेजारच्या कुणी "एक्सपंज झालंय ना, मग नाही लिही" म्हटलं तर ऐकू नकोस. ओंकार, इथे मी हट्टानं सांगतेय.

त्या फॉर्मसोबत कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत लागते. फाइल एकदा बंद झाली की ती मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून आधी प्रती, मग एक्सपंजमेंटचा अर्ज. मंगळवारी मी कोर्टाच्या खिडकीवर गेले होते. तिथल्या बाईंनी तारीख विचारली, मला ती पाठच होती. तीन प्रती घेतल्या. शिक्का उठून दिसतो, हात फिरवला की बोटांना लागतो.

एक प्रत या पत्रासोबत पाठवतेय. दोन इथे, त्या पावतीशेजारी. दिवाळीला चार दिवस जास्तीची रजा काढ. अर्जातला मजकूर शपथेवर खरा आहे म्हणून तुलाच सही करायची आहे, आणि बाबा म्हणालेत, त्या वेळी तेही शेजारी बसतील.

तुझी,
आई