स्वतःचं जेवण झाकून ठेवून लिहिलेल्या चिठ्ठीबद्दल

सेव्हिलच्या त्रियाना भागातल्या मावशींना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. आमच्या बेळगावात खानावळ चालवणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, तेच इथं चालवून घेतो. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ठाऊक आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून जे कुणी पुढंमागं स्पेनला, सेव्हिलला जातील त्यांना वाचता येईल, आणि त्यातले दोघं जरी तुमच्यासारख्यांच्या दारात दुपारी दीड वाजता नीट पोचले तरी तुमच्या चिठ्ठीचे आभार पोचले असं समजू.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत त्यांचं उरकतो. तिकीट काढून देणाऱ्या टूरवाल्यांनी छातीठोक सांगितलं होतं, ‘तिकडं शाकाहारी माणसाला काय बी मिळत नाही, खाकरा न्या, मेतकूट न्या, रोज रात्री आमचं इंडियन डिनर घ्या.’ त्या डिनरच्या एका ताटाला जे पडलं त्यात तुमच्याकडं दोघं पोटभर जेवून वर कॉफी झाली असती. दुसरे ते कॅथेड्रलजवळचे, दारात पाएयाचे, म्हणजे तिकडच्या भाताचे, रंगीत फोटो लावलेले. ‘व्हेजिटेरियन? येस येस’ म्हणाले आणि सॅलड आणलं, त्यावर टूना माशाचा डबा उपडा केलेला. परत केलं तर मासा चमच्यानं काढून तेच ताट पुन्हा ठेवलं. पुरे.

आता तुमचं. सव्वाचार वाजून गेले होते, स्वयंपाकघर बंद झालेलं, काउंटरच्या टोकाला तुमची स्वतःची ताटली दुसऱ्या ताटलीनं झाकून ठेवलेली. आम्ही पाठ करून गेलेलं एकच वाक्य म्हणालो होतो, ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय. तुम्ही हसला नाहीत. ऑर्डरच्या वहीतला कागद फाडलात, खुर्ची ओढून बसलात आणि आमचंच वाक्य लिहून खाली एकेक ओळ वाढवत गेलात. सिन कार्ने. सिन पेस्कादो, मासा नको. सिन हामोन, डुकराचं खारवलेलं मांस नको. सिन आतून, टूना नको. सिन काल्दो दे कार्ने, मटणाचं पाणी नको. मग वेवो सी, केसो सी, म्हणजे अंडं चालेल, चीज चालेल. ‘काल्दो’ खाली दोन रेघा मारल्यात. मग पेन खाली ठेवून प्रत्येक ओळ आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतलीत, जोवर वेटरला कळेल असं तोंडात बसत नाही तोवर. शेवटी ‘पोर फावोर’, म्हणजे कृपया, तुम्हीच लिहिलंत, आम्हाला सुचलंही नव्हतं.

एवढ्या ओळी कशाला, हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. आपण मांस म्हणतो तेव्हा त्यात मासा, कोंबडी, सूप, सगळं धरतो. तिथं कार्ने म्हटलं की ताटातला मांसाचा तुकडा डोळ्यांसमोर येतो. भाजीवर भुरभुरलेलं हामोन ही त्यांच्या लेखी जवळजवळ फोडणीच, आणि टूना हा सॅलडचाच भाग. म्हणून लबाडी नसतानाही फसगत होते. एन्सालादा मिक्स्ता, म्हणजे मिश्र सॅलड, मागितलं तर टूना येतो. लेंतेखास म्हणजे मसुराची आमटी, पण तिच्यात बहुतेक वेळा चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज, शिजलेलं असतं. ते काढून बाजूला ठेवून उपयोग नाही, तेल आमटीत उतरलेलं असतं. फरसबीत हामोन, मेनेस्त्रा म्हणजे मिसळभाजी तिच्यातही हामोन. दुधीसारख्या झुकिनीचं मऊसूत दिसणारं सूप अनेकदा कोंबडीच्या पाण्यात केलेलं. कोर्दोबाचं साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं गार सूप, आत काही नाही, पण वरून उकडलेलं अंडं आणि हामोनचा कीस. वरचं नको असं आधीच सांगितलं तर मिळतं, वाढून आणल्यावर सांगून फायदा नाही. गास्पाचोला मात्र सहसा धोका नाही.

मेनू देल दिया या शब्दात सगळं आलं. दुपारचं ठरलेल्या दराचं जेवण. एक प्रिमेरो म्हणजे पहिला पदार्थ, एक सेगुंदो म्हणजे दुसरा, पाव, एक पेय, आणि शेवटी गोड किंवा कॉफी. सोमवार ते शुक्रवार, शहराप्रमाणं साधारण 12 ते 16 युरो, आणि पाटीवरच्या दरात कर धरलेला. पेयात वाइन किंवा बिअरही येते. पाणी मागितलं तरी दर तोच, म्हणून न पिणाऱ्यांनी उगीच हळहळू नये. 1960च्या दशकाच्या मध्यात, हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत, मान्वेल फ्रागा पर्यटनमंत्री असताना हॉटेलांनी परवडणारं ‘पर्यटक मेनू’ ठेवावं असा नियम निघाला, त्यातून ही रीत रुजली. गंमत बघा की ओ, पर्यटकांसाठी काढलेलं जेवण आज गवंडी, बँकेतले कारकून आणि शाळामास्तर खातात, आणि पर्यटक फोटोंच्या पाटीखाली दुप्पट पैसे मोजतो.

जागा ओळखायची ती पाटीवरून. खडूनं हातानं लिहिलेली, चार-सहा प्रिमेरो, चार-सहा सेगुंदो, आणि रोज बदलणारी. पाच भाषांत छापलेलं कार्ड दिसलं की पुढं चालायचं. आत कामाच्या कपड्यातली माणसं एकेकटी जेवत असतील तर बसायचं. वेळेचा घोळ मात्र आपल्याकडच्यांचा हमखास होतो. साडेबाराला पोट ओरडतं, पण एकच्या आधी स्वयंपाकघर बहुधा तयार नसतं. गर्दी दोन ते साडेतीन. म्हणून दीड ही वेळ बरी, पाटीवरचे सगळे पदार्थ शिल्लक असतात आणि वेटरला बोलायला उसंत असते. तीननंतर चांगले दोन पदार्थ खोडलेले असतात. चारनंतर तुमच्यासारखी मावशी भेटली तरच. शनिवार-रविवारी एक तर हे जेवण नसतं, नाही तर महाग असतं, आणि ऑगस्टमध्ये घरगुती जागा कित्येक आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात.

शाकाहारी माणसाची खरी किल्ली दुसरीकडंच आहे. भाज्या, डाळी, सूप, भात हे सगळं प्रिमेरोत असतं, सेगुंदो म्हणजे जवळपास नेहमी मांस किंवा मासा. तेव्हा ‘दोस प्रिमेरोस’ मागायचे, दोन पहिलेच पदार्थ. दर तोच घेतात, क्वचित थोडा कमीही करतात. स्वयंपाकघराला यात त्रास नाही, पदार्थ आधीच शिजलेले असतात. वेगळं काही करून द्या म्हटलं की तोंड वाकडं होतं, आणि ते बरोबरच आहे. पंधरा मिनिटांत चाळीस ताटं जायची असतात, त्यात एकट्यासाठी कढई चढवायची कुणी? आपल्या खानावळीत दुपारी एक वाजता आंबोळी मागून बघा.

काय निवडायचं, तर सेव्हिलला पहिला मान एस्पिनाकास कोन गार्बान्सोसचा. पालक, काबुली चणे, लसूण, तळून वाटलेला पाव, थोडा व्हिनेगर, आणि जिरं. होय, जिरं. ताट समोर आलं की जो वास येतो तो आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरातला. तुमच्या हातचं हे अजून जिभेवर आहे, पण त्याबद्दल आज जास्त लिहीत नाही, आजचा विषय चिठ्ठी आहे. पिस्तो म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, झुकिनी मंद आचेवर शिजवून केलेली भाजी, वर तळलेलं अंडं. नको असेल तर सांगायचं. बटाट्याची तोर्तिया म्हणजे ऑम्लेट, अंड्याचीच. आर्रोस आ ला कुबाना म्हणजे पांढरा भात, टोमॅटोचा रस्सा, तळलेलं अंडं आणि कधी तळलेलं केळं. ज्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यानं पाटीवर हे नाव शोधावं. गोडात आर्रोस कोन लेचे, म्हणजे तांदळाची खीरच, फक्त वेलदोड्याच्या जागी दालचिनी आणि लिंबाची साल. फ्लान आणि नातियास हे कस्टर्डसारखे दुधाचे गोड, दोन्हींत अंडं. अंडं न खाणाऱ्यांनी ‘फ्रूता’ म्हणावं, मोसमातलं फळ मिळतं.

अथणी-चिकोडीकडच्या जैन मंडळींना मात्र खरंच सांगतो, कांदा-लसणाशिवाय तिथं फार काही उरत नाही. गास्पाचोतही लसूण. भाजलेली मिरची, चीज, पाव, ऑलिव्ह, फळ यावर दुपार काढावी लागते. पुष्कळ चीजमध्येही जनावराच्या जठरातलं विरजण असतं, मांचेगो हे तिथलं चीज पारंपरिक रीतीनं तसंच लावतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी केसो सी ही ओळ चिठ्ठीतून खोडावी.

पैशाच्या कटकटी तीनच ठिकाणी होतात. पाटीवर ‘पोस्त्रे ओ काफे’, म्हणजे गोड किंवा कॉफी, असेल तर दोन्हींतलं एकच, दोन्ही घेतले की जास्तीचे पैसे. ‘सुप्लेमेंतो’ लिहिलेल्या पदार्थाला वरून काही युरो. बाहेरच्या टेबलाला कधी वेगळा दर. आणि एक ताट मागवून दोघांत वाटून खायचं नाही, हे जेवण माणशी एक असंच धरतात. आपल्या ‘लिमिटेड’ राइस प्लेटचा नियम आठवा, तोच. नळाचं पाणी मागायला लाजू नये, ‘आग्वा देल ग्रिफो’. 2022च्या कचराविषयक कायद्यानं ते फुकट द्यायलाच हवं. बिल आपणहून कुणी आणत नाही. गिऱ्हाईक बसलेलं असताना बिल ठेवणं म्हणजे ऊठ म्हणण्यासारखं. आपली माणसं अर्धा तास रागानं बसून राहतात आणि तिकडं वेटरला वाटतं, रमलेत. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणायचं, झालं. टिप सक्तीची नाही.

शेजारच्या देशांत हीच दुपार वेगळ्या नावानं. पोर्तुगालात प्रातो दो दिया, पण तिथं न मागता टेबलावर ठेवलेला पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवावं. फ्रान्समध्ये फोर्म्युल, दोन पदार्थ, पाव आपोआप, आणि नळाच्या पाण्याची सुरई मागितली की मिळते. दोननंतर मात्र स्वयंपाकघर मिटलं. स्वीडनच्या दागेन्स लंचमध्ये सॅलड, ब्रेड आणि कॉफी दरातच धरलेली. जपानचं तेइशोकू सगळ्यात नीटनेटकं, भात, मिसो सूप, लोणचं, एक मुख्य पदार्थ, आणि पुष्कळ ठिकाणी भात पुन्हा फुकट. पण तिथं ‘मासा नको’ एवढ्यानं भागत नाही, कारण सूप आणि उकडलेली भाजीसुद्धा दाशीत, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पाण्यात असते. तिथल्या चिठ्ठीत दोन रेघा दाशीखाली मारायला हव्यात. ती लिहून देणारी मावशी अजून भेटायची आहे.

मावशी, आम्ही ज्या भागातून येतो तिथं दुकानाचा बोर्ड कुठल्या भाषेत आणि कुठली अक्षरं मोठी, यावरून दगडफेकीपर्यंत वेळ जाते. एसटी आणि केएसआरटीसीच्या बसगाड्या कधी कधी हद्दीवरच थांबतात. पण त्याच भागात, निपाणी-संकेश्वरकडच्या खानावळीत, वाढणारा गिऱ्हाइकाचं तोंड बघून ‘अन्ना हाकला?’ किंवा ‘भात वाढू?’ यातलं एक विचारतो, आणि उत्तर तिसऱ्या भाषेत आलं तरी भात वाढतोच. वाढणाऱ्यांची जात सगळीकडं एकच असावी. तुम्हीही आमच्या भाषेतला एक शब्द न कळता तुमची भाषा आमच्या खिशात घालून दिलीत, आम्हाला ती शिकवायची म्हणून नव्हे, पुढच्या गावी उपाशी राहू नये म्हणून. कादिसला, ग्रानादाला, पुढं माद्रिदला ती चिठ्ठी काउंटरवर ठेवली की वेटर आधी अक्षर बघायचे. छापील कागद असता तर वरवर वाचला असता. हे हातचं, आणि त्यांच्यातल्याच कुणाचं. दोन ठिकाणी ती सरळ आत स्वयंपाकघरात गेली आणि पाटीवर नसलेलं काहीतरी बाहेर आलं.

घडीवर कागद फाटला होता, नेमका ‘काल्दो’च्या ओळीवर. खडेबाजारात लॅमिनेट करून घेतला. स्पेनला जाणाऱ्या ओळखीतल्यांना झेरॉक्स देतो, पण सांगतो की बाबांनो, ही नुसती दाखवू नका, तोंडानंही म्हणा, मावशींनी दोनदा म्हणवून घेतलं होतं.

आम्ही निघालो तेव्हा तुम्ही ताटलीवरची ताटली काढलीत. वाफ आली नाही. तेवढ्यासाठी माफी मागायची होती, त्या वेळी शब्द येत नव्हता.

आपले,
बेळगावचे दोन गिऱ्हाईक
(दोस प्रिमेरोसवाले)