'डोळ्याबद्दल डोळा' हा सूडाचा कायदा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जगातील धर्मांची ओळख करून देणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. ज्यू धर्माच्या वाट्याला त्यात मोजकी वाक्ये आली आहेत. देव एकच पण कडक, 'डोळ्याबद्दल डोळा' हा सूडाचा कायदा, आणि स्वतःला देवाचे लाडके समजणारे लोक, एवढेच त्यांचे सार. मी रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी ज्यूंच्या) शेजारात वाढलो. हे वाचून मला वाईट वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

'डोळ्याबद्दल डोळा' हे शब्द तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांमध्ये आहेत, हे खरे. पण रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, परंपरेत तोरा कधी सुटा वाचला जात नाही. त्यासोबत पिढ्यान् पिढ्यांची तोंडी चालत आलेली चर्चा असते. ती इ.स. 200 च्या सुमारास 'मिश्ना' या ग्रंथात संकलित झाली आणि पुढे 'तालमुद' या मोठ्या ग्रंथात विस्तारली. तिथे या शब्दांचा अर्थ नुकसानभरपाई असा लावला आहे. तालमुदमधले रब्बी विचारतात, एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी साधणार? आंधळ्याने कोणाचा डोळा फोडला तर त्याचे काय काढून घेणार? म्हणून इजा करणाऱ्याने पैसे द्यायचे, आणि तेही पाच बाबींचे: शरीराचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि झालेला अपमान. अठराशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात जखमी माणसाच्या अपमानाचीही भरपाई धरली आहे, याकडे मी आपल्या वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो.

मिश्ना तिथेच थांबत नाही. पैसे चुकते केले तरी जोवर त्या माणसाची क्षमा मागितली नाही तोवर अपराध्याला क्षमा नाही, आणि समोरच्यानेही क्षमा नाकारून निर्दय होऊ नये, असे ती सांगते. योम किप्पूर या सर्वात पवित्र उपवासाच्या दिवशीही हाच नियम लागू होतो. आमच्याकडचे बेने इस्राएली त्याला दारफाळणीचा सण म्हणत. देवाविरुद्ध केलेली पापे त्या दिवशी धुतली जातात. माणसाविरुद्ध केलेली मात्र, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय नाही. म्हणजे शेजाऱ्याचे देणे देव परस्पर माफ करत नाही. माझ्या मते या धर्माचा गाभा हाच आहे आणि लेखात नेमका तोच नाही.

श्रद्धा कोणती? दिवसातून दोनदा म्हटली जाणारी 'शमा' ही प्रार्थना ती सांगते: हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. त्याला रूप नाही, म्हणून मूर्ती नाही. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली. मसीहा, म्हणजे तारणहार, अजून यायचा आहे, हे त्यांतलेच एक. पण त्या तत्त्वांवरही पुढच्या ज्यू विद्वानांनी भरपूर वाद घातला. भर राहिला तो आचरणावर. परंपरा तोरामध्ये 613 आज्ञा मोजते. शेताच्या कडेचे पीक कापायचे नाही, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायचे. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी घरधन्याने विश्रांती घ्यायचीच, शिवाय नोकराला, परक्याला आणि बैलालाही द्यायची. कारणही दिले आहे: तुम्ही मिसर (इजिप्त) देशात गुलाम होता, ते विसरू नका. आणि इतका महत्त्वाचा शब्बाथ कोणाचा जीव वाचवण्यासाठी मोडावाच लागतो.

'देवाचे लाडके' याबद्दल आमोस संदेष्ट्याचे म्हणणे वाचावे. सर्व कुळांतून मी तुम्हांलाच जवळ केले, म्हणूनच तुमच्या अपराधांची शिक्षा तुम्हांला देईन, असे त्याच्या तोंडून देव बजावतो. निवड म्हणजे जास्तीची जबाबदारी. इतरांनी ज्यू व्हावे असा आग्रह नाही. कोणत्याही जमातीतल्या सज्जनाला परलोकात वाटा आहे, असे रब्बी सांगतात.

हे सगळे पुस्तकी आहे असे कोणी म्हणू नये. अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली जमात वाढली, असे बेने इस्राएल परंपरेने सांगतात. कोकणात त्यांच्याजवळ तोराची गुंडाळी नव्हती, तालमुद नव्हता, रब्बी नव्हते. तरी शमा तोंडपाठ राहिली, सुंता राहिली, खवले नसलेला मासा ताटात आला नाही. तेलाचा घाणा शनिवारी बंद राहिला, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्या दिवशी घाण्याचा बैलही मोकळा. पुढे 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) बांधले आणि 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाला वाचायची 'हगादा' ही पोथी मराठीत छापली गेली. या धर्माची प्रार्थना दीडशे वर्षांपूर्वी मराठीत छापली गेली असताना मराठी वृत्तपत्राने तो ऐकीव माहितीवर उरकावा, हे पटत नाही.

इस्रायल सरकारच्या धोरणांवर टीका जरूर करावी, ती लोकशाहीतली नित्याची गोष्ट आहे. पण त्या बातम्यांच्या मथळ्यांत 'डोळ्याबद्दल डोळा' वापरून ज्यू धर्मालाच सूडाचा धर्म ठरवणे चूक आहे, आणि तसे मथळे मी अनेकदा पाहिले आहेत.

तेव्हा विनंती अशी की, पुढच्या पुरवणीत या विषयावर पूर्ण लेख द्यावा आणि तो ठाणे, मुंबई, पुणे किंवा अलिबागच्या बेने इस्राएल समाजातल्या जाणकाराकडून लिहून घ्यावा. तोवर निदान सूडाच्या कायद्याबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, अलिबाग