जुनं बेअरिंग गिऱ्हाईकाच्या हातात द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यावी याची यादी आपल्या दैनिकात दरवर्षी येते. वायपर, टायर, बॅटरी, ब्रेक. यंदाही आली. पुढच्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून आत बसवलेलं रोलरचं कडं, तिच्यात नाही. आमच्याकडे डांबर संपलं की पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो आणि पऱ्या ओलांडला की बाग. तिथे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी फोर व्हीलवाली गाडीच जाते आणि तिचं दुखणं आधी पुढच्या चाकात निघतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमची जीप महिंद्राची एमएम ५४०, १९९३ सालची, सासऱ्यांनी घेतलेली. यजमानांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती मीच चालवते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी खत, चिरे, कधी रात्री-अपरात्री वाडीतलं आजारी माणूस. फेब्रुवारीत उजव्या पुढच्या चाकातून घोंगावल्यासारखा आवाज यायला लागला. एका गॅरेजात गाडी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मिळाली, सोबत बिल: पुढचं उजवं चाक, बेअरिंग २ सेट, ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी), ग्रीस, मजुरी, एकूण ४,६०० रुपये. मी पैसे दिले आणि निघाले. जुने पार्ट मागून घ्यायचे असतात हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कराडला पेट्या पोचवून परत येताना कुंभार्ली घाटात तोच आवाज पुन्हा आला. डाव्या वळणावर वाढायचा, उजव्या वळणावर मावळायचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर येतो, हे आता कळतं. तेव्हा फक्त भीती वाटत होती. त्यात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. आमच्या डाव्या हाताला कधी डोंगर असायचा, कधी दरी. मागे दोन गडी बसले होते, तेही गप्प झाले. पहिल्या गिअरमध्ये उतरत पोफळीला आलो, गाडी कडेला घेतली आणि बाटलीतलं पाणी हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, शिंपडलं तर चर्र झालं. हात लावायची सोय नव्हती. गाडी टेंपोवर चढवून घरी आणली.

आमच्या वाडीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. ते म्हणाले, "वहिनी, खोलायच्या आधी बघायला शिका." चाक जॅकवर उचललं, खाली टेकूची घोडी लावली. मग चाक वरून-खालून दोन हातांनी धरून हलवायला सांगितलं. खटखट प्ले, म्हणजे ढिलाई, लागत होता. तात्या आत बसले, ब्रेक दाबून धरला आणि म्हणाले, आता हलवा. प्ले नाहीसा झाला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे स्टिअरिंगसरशी चाक ज्या खिळीवर वळतं ती. ही दोन मिनिटांची परीक्षा आहे आणि तिला खर्च शून्य. फेब्रुवारीत माझ्यासमोर ती कुणीही केली नव्हती.

मग खळ्यातच गाडी खोलली. ड्रम काढला. हबच्या तोंडावरची फ्लँज नावाची चकती सोडली, चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाची सर्कलिप, म्हणजे अडकवणीची कडी, काढली. आत दोन नट असतात, मध्ये एक पातळ वॉशर, त्याचा कान नटावर वाकवून बसवायचा म्हणजे नट आपोआप फिरत नाही. आमच्या वॉशरचा कान तुटलेला होता आणि नटाच्या कडांवर छिन्नीचे घाव होते. पाना न वापरता छिन्नी-हातोड्याने नट फिरवला होता. नट सैल झाला तो तिथूनच.

हब ओढल्यावर बाहेरच्या बाजूचं बेअरिंग हातात आलं. ते नवीन होतं, रोलर अजून चकचकीत. पण ते ज्या कपात, म्हणजे हबात ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्यात, फिरत होतं तो कप जुना, आत खवल्यासारखे खड्डे पडलेले, एका बाजूला उष्णतेने निळा झालेला. टेपर, म्हणजे निमुळत्या, बेअरिंगचे कप आणि कोन (रोलर असलेला आतला भाग) ही जोडी असते, तोच एक सेट. नवा कोन जुन्या कपात घातला की जुने खड्डे नव्या रोलरला खातात. पण हे तरी समजण्यासारखं आहे. पुढे जे दिसलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. आतल्या बाजूचं बेअरिंग ऑइल सीलच्या मागे असतं. सील काढल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. आमचं सील सुपारीसारखं कडक झालेलं, ओठ चिरलेला, कडेला वर्षानुवर्षांची लाल माती घट्ट बसलेली. त्याला फेब्रुवारीत कुणी हातच लावला नव्हता. त्याच चिरेतून ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, उतरलं, म्हणून उजवा ब्रेक धरत नव्हता आणि गाडी डावीकडे जात होती. आत जे ग्रीस उरलं होतं ते पांढुरकं, ताकासारखं. गरम हब पऱ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि खराब सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पेट्या घेऊन दिवसातून चार वेळा आम्ही तेच करतो.

म्हणजे बिल दोन सेटचं, बसवला एकच कोन. लबाडी होती की संध्याकाळची घाई, हे मी ठरवू शकत नाही. त्या दिवशी जुना कप आणि सील माझ्या हातात पडले असते, तर ठरवायची वेळच आली नसती.

तात्यांनी मला बसवून पुढचं काम करून घेतलं, ते लिहिते, कारण गॅरेजात उभं राहून काय बघायचं ते वाचकांना कळावं. जुने कप पितळी दांड्याने आतून ठोकून काढायचे, एकदा या बाजूने, एकदा समोरून, म्हणजे ते तिरपे अडकत नाहीत. नवे कप ठोकून बसवताना आवाज ऐकायचा. तळाला टेकला की बद्द आवाज जाऊन ठणठणीत येतो. कोनात ग्रीस वरून फासून चालत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि कोनाची जाड बाजू त्यात दाबत राहायची, रोलरमधून पलीकडे ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मला एका कोनाला दहा मिनिटं लागली. सील नवंच. मग चाक एका हाताने फिरवत आतला नट आवळायचा, चाक अडखळायला लागलं की एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, नवा वॉशर, वरचा नट, कान वाकवायचा. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर डुगडुगून खड्डे पाडतं. शंभर किलोमीटर झाल्यावर परत चाक उचलून प्ले पाहिला. तसूभरही नव्हता.

बऱ्याच नव्या फोर बाय फोर, म्हणजे फोर व्हीलवाल्या, गाड्यांत हब आणि बेअरिंग मिळून एकच बंद युनिट येतं, ते ग्रीस करायचं नसतं, पूर्ण बदलायचं असतं आणि त्याचा नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनीच्या आकड्याला आवळायचा असतो. तिथे तर आत काय झालं ते गिऱ्हाईकाला दिसूच शकत नाही. जुनं युनिट हातात घेऊन फिरवून बघितलं, खरखर लागली, तरच खात्री.

माझी मागणी साधी आहे. काम झाल्यावर प्रत्येक गॅरेजने बदललेले पार्ट, धुतले नाहीत तरी चालेल, एका पिशवीत घालून गाडीबरोबर द्यावेत, आणि बिलावर नव्या पार्टचा नंबर लिहावा. बेअरिंगच्या कपावर तो कोरलेलाच असतो, उतरवून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. चांगला मिस्त्री हे आजही करतो. त्याला त्रास नाही, उलट त्याचं काम दिसतं. आणि बिल मागायला लाजू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांनाही पहिल्या दिवसापासून ही सवय लागावी, असं मनापासून वाटतं. आमच्या वाडीतली दोन मुलं तिथे जातात, चाक खोललं त्या दिवशी ती खळ्यात बसून सगळं बघत होती. त्यांच्या हातात मी तो निळा पडलेला कप दिला.

डाव्या चाकाचं काम मृगाच्या आधी उरकायचं आहे. या वेळी कप, कोन आणि सील चिपळूणहून मी स्वतः नंबर बघून आणले आहेत. आपल्या पुढच्या वर्षीच्या यादीत एक ओळ वाढवावी, ही विनंती: चाक उचला, वरून-खालून धरून हलवा.

आपली नम्र,
एक आंबा बागायतदार,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी